छातीएवढ्या पाण्यात

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे चालायला येणाऱ्यांचे गट ठरलेले असतात. कोण किती फेऱ्या मारतं, कोण कुठल्या बाकावर टेकतं, हे एकमेकांना पाठ असतं. एखादा चेहरा पंधरा दिवस दिसला नाही की चौकशी होते आणि साठी ओलांडलेल्यांच्या बाबतीत बहुतेकदा एकच उत्तर मिळतं, "गुडघे धरलेत." दोन महिने जातात, चार जातात. तो चेहरा काही पुन्हा मैदानावर दिसत नाही.

घरी काय चाललेलं असतं ते आपण सगळेच जाणतो. "आई, तुम्ही बसा, मी आणते." "बाबा, जिना कशाला उतरता? पेपर वर आणून देतो ना." हे सगळं मायेपोटी असतं, म्हणूनच त्याला नाही म्हणवत नाही. पण बसून राहिलेल्या माणसाच्या मांडीचे स्नायू बघता बघता रोडावतात. गुडघ्याला सावरून धरणारे तेच असतात. ते ढिले पडले की गुडघ्यावरचा ताण वाढतो, ताण वाढला की दुखणं वाढतं आणि दुखणं वाढलं की माणूस आणखी बसतो. वजन वाढतं, साखर वाढते, झोप उडते. आधी श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी सुटते. मग वणीच्या गडाच्या पायऱ्या सुटतात. मग देवळात मांडी घालून बसणं, मग भाजीबाजार, मग शेजारचं घर. माणसाचं जग असं एकेका पायरीने आखडत जातं.

या फेऱ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. दुखऱ्या सांध्याला विश्रांतीच हवी, असं आपण धरून चालतो. दुखणं उसळलेलं असताना चार दिवस ती हवीच. एरवी मात्र झिजलेल्या सांध्याला सोसत नाही तो भार. हालचाल त्याला लागतेच. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जो वंगणासारखा द्रव असतो त्यातून तिचं पोषण होतं आणि तो द्रव तिच्यात खेळता ठेवण्याचं काम हालचालच करते. हालचाल थांबवली की कूर्चेची उपासमार सुरू होते. मग प्रश्न एवढाच उरतो, की भार न घेता हालचाल करायची कुठे? सपाट रस्त्यावर साधं चालतानाही दर पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर येतो आणि जिन्यावर तो आणखी वाढतो.

याचं उत्तर पाण्यात आहे. स्वच्छ, फार गार नसलेल्या, छातीएवढ्या पाण्यात.

विहिरीतून पोहरा ओढणाऱ्याला हे न शिकवता कळतं. भरलेला पोहरा पाण्यात असेपर्यंत हलका लागतो आणि पाण्याबाहेर आला की दोराला जड होतो. माणसाच्या अंगालाही पाणी असंच उचलून धरतं. किती, तेही मोजलेलं आहे. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं निम्म्याच्या आसपास वजन उरतं. छातीपर्यंत गेलं की सुमारे एक तृतीयांश. गळ्यापर्यंत गेलं की जेमतेम दहावा हिस्सा. 70 किलो वजनाची बाई गळाभर पाण्यात उभी राहिली तर तिच्या तळपायांवर सातएक किलोंचाच भार असतो. जमिनीवर इतका उतार देणारं मलम नाही, पट्टा नाही आणि बूटही नाही.

पाणी उचलून धरतं तसं वाटही अडवतं. ते हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. त्यामुळे हवेत जी हालचाल सहज होते, तिलाच पाण्यात जोर लावावा लागतो. हा विरोध वेगावर अवलंबून असतो. वेग दुप्पट केला तर तो साधारण चौपट होतो. वेग कमी केला की लगेच उतरतो. हातातलं डंबेल खाली ठेवेपर्यंत त्याचं वजन तेवढंच राहतं. पाण्यात मात्र दुखलं किंवा दम लागला तर फक्त सावकाश व्हायचं, की व्यायाम त्या क्षणी हलका होतो. ज्याला जेवढं झेपतं तेवढंच पाणी मागतं. शिवाय गुडघा वाकवतानाही पाणी अडवतं आणि सरळ करतानाही अडवतं. त्यामुळे मांडीच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंच्या स्नायूंना सारखंच काम मिळतं.

एकदा छातीएवढ्या पाण्यात चालून पाहा. पहिलं पाऊल टाकताच छातीपुढे पाणी फुगून उभं राहतं आणि ते ढकलत पुढे जावं लागतं. अंग नकळत पुढे झुकतं. तिथे स्वतःला ताठ ठेवणं हाच पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचा व्यायाम असतो. टाच टेकवायला जावं तर पाऊल वर तरंगू पाहतं, म्हणून ते जाणूनबुजून खाली दाबावं लागतं. दहा-बारा पावलं झाली की आपल्यामागून पाण्याचा एक लोंढा चालत येऊ लागतो. त्याचा हलका रेटा पाठीला जाणवतो आणि चालणं सोपं झाल्यासारखं वाटतं. आता वळा. मघाशी मागून येणारं तेच पाणी समोरून अंगावर येतं आणि उलट दिशेची पहिली चार पावलं सगळ्यांत जड जातात. तोल जाईलसं वाटतं, पण पाणी चहूबाजूंनी धरून असतं. जरी गेला तरी ते धाडकन पडू देत नाही. हात पसरायला आणि पाय रोवायला वेळ देतं.

उतारवयात पडण्याची भीती ही पडण्याइतकीच वाईट असते. एकदा न्हाणीघरात पाय घसरलेला माणूस पुढे कितीतरी दिवस भिंतीला हात लावून चालतो. पावलं आखूड टाकतो, पाय उचलायच्याऐवजी फरफटवतो आणि त्यामुळे पुन्हा अडखळतो. अशा माणसाला छातीएवढ्या पाण्यात एका पायावर उभं राहून बघता येतं. मागे चालता येतं, आडवी पावलं टाकता येतात, गुडघा कमरेपर्यंत उचलता येतो. तोल सांभाळणं ही शरीराची शिकण्याची गोष्ट आहे आणि ती शिकायची तर थोडं डगमगावं लागतं. जमिनीवर ते परवडत नाही. पाण्यात परवडतं.

आणखी एक काम पाणी न दिसता करतं. खोल जावं तसा पाण्याचा दाब वाढतो, त्यामुळे तो सगळ्यांत जास्त घोट्यांवर असतो आणि वर येताना कमी होत जातो. दिवसभर उभं राहून पायांत उतरलेलं पाणी आणि नसांत साचलेलं रक्त या दाबाने वर सरकतं. पायांची सूज ओसरायला मदत होते. छातीकडे जास्त रक्त आल्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकतं आणि तेवढ्याच श्रमाला नाडी जमिनीवरच्यापेक्षा थोडी संथ पडते. म्हणून पाण्यात नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेऊ नये. सोबतच्याशी बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की श्रम पुरेसे झाले असं समजावं. छातीभोवतीच्या पाण्यालाही दर श्वासाला बाजूला सारावं लागतं, त्यामुळे श्वासाच्या स्नायूंना काम मिळतं. याच कारणासाठी हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नये.

आता कुणी म्हणेल, या वयात पाण्यात उतरायचं म्हणजे लोक काय म्हणतील? नाशिककराने तरी असं म्हणू नये. हे गावच मुळी पाण्यात उतरणाऱ्यांचं आहे. रामकुंडावर बारा महिने लोक गोदेत उतरतात. 2015 च्या सिंहस्थात लाखोंनी उतरले आणि 2027 च्या सिंहस्थासाठी पुन्हा उतरतील. त्यांत सत्तरीचे असतात, ऐंशीचे असतात. नातवाचा हात धरून घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या आजीला कुणी हसत नाही. अहिल्यादेवी होळकर पुलावरून पुराच्या पाण्यात सूर मारणारी पोरं याच गावची आणि पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेले आजोबाही याच भागातले.

गावाबाहेर टाकळीला नंदिनी गोदावरीला मिळते. लग्नाच्या बोहल्यावरून निघालेले समर्थ रामदास तिथे येऊन राहिले आणि बारा वर्षं, रोज सूर्योदयापासून माध्यान्हीपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी जप केला, असं परंपरा सांगते. ती तपश्चर्या होती. तिच्यावर आजच्या आरोग्यशास्त्राचा शिक्का मारायची गरज नाही. पण ज्यांनी पुढे गावोगाव मारुती स्थापले आणि बलोपासना शिकवली, त्यांच्या साधनेचा काळ याच नदीच्या पाण्यात गेला, ही आठवण नाशिककराच्या मनात असते. शरीर बळकट ठेवणं हा धर्माचाच भाग आहे, असं समर्थ मानत. मग पुण्यासाठी पाण्यात उतरताना न वाटणारी लाज, गुडघ्यासाठी उतरताना का वाटावी?

पाण्याने माणसाला कसं उभं केलं याची आपल्याकडची सगळ्यांत मोठी गोष्ट मुरलीकांत पेटकर यांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा तरणाबांड गडी सैन्यात होता आणि उत्तम मुष्टियोद्धा होता. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात रुतून बसली आणि कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या नौदलाच्या रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आलं. खाटेवर निश्चल पडणारं शरीर पाण्यात हलू लागलं. पायांनी साथ सोडली होती, पण दंड, खांदे आणि छाती यांच्यात मुष्टियोद्ध्याचं बळ शिल्लक होतं. त्या बळाला जमिनीवर वाट मिळत नव्हती, ती पाण्यात मिळाली. 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्णपदक. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पेटकरांचं पदक बाजूला ठेवून त्याच्या आधीच्या दिवसांचा विचार करावासा वाटतो. पहिल्यांदा पाण्यात सोडलं गेलेलं ते अंग, कठड्याला घट्ट धरलेले हात आणि मग एका क्षणी कठडा सोडून मारलेला पहिला हात. पदकाची शक्यता तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. स्वतःच्या बळावर एक हात अंतर पुढे सरकणं, एवढंच त्या दिवशीचं यश असणार. आपल्या घरातल्या दुखऱ्या गुडघ्याच्या माणसालाही एवढंच यश हवं असतं. "आज मी माझी मी चालले," हे वाक्य त्याला पदकाएवढंच मोलाचं असतं.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचंही असंच. 1921 साली, वयाच्या 39 व्या वर्षी त्यांचे पाय लुळे पडले. 1924 मध्ये ते जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्सला गेले. तिथल्या झऱ्याचं पाणी मुळातच कोमट, सुमारे 31 अंशांचं. त्या पाण्यात त्यांना उभं राहता आलं, पाय हलवता आले. 1927 मध्ये त्यांनी तिथे पोलिओच्या रुग्णांसाठी संस्था उभी केली. त्यांचे पाय पूर्ववत झाले नाहीत, हेही इथेच सांगितलं पाहिजे. पाण्याने त्यांना गेलेलं बळ परत दिलं नाही. उरलेलं बळ वापरायला जागा दिली. पुढे ते चार वेळा अध्यक्ष म्हणून निवडून आले.

हा फरक लक्षात ठेवावा, कारण पाण्यातल्या व्यायामाच्या नावाने चमत्काराच्या गोष्टी सांगणारेही भेटतात. झिजलेली कूर्चा पाण्याने पुन्हा उगवत नाही. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवातावर पाण्यातल्या व्यायामाचा काय परिणाम होतो, याचे 13 अभ्यास कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. त्यांत मिळून 1,190 माणसं होती. वेदना आणि हालचालीतली अडचण यांत थोडी सुधारणा दिसली, जगण्याच्या सुखातही दिसली, पण ती काही काळापुरती. याचा साधा अर्थ असा, की फायदा खरा आहे, मोठा नाही आणि व्यायाम चालू आहे तोवरच टिकतो. जेवण महिनाभर केलं म्हणून पुढे वर्षभर पुरत नाही, तसा कुठलाच व्यायाम पुरत नाही.

दुसरी मर्यादा हाडांची. हाडं बळकट राहायला त्यांच्यावर भार पडावा लागतो आणि पाणी तर भारच काढून घेतं. म्हणून ज्यांना जमतं त्यांनी आठवड्यातले काही दिवस जमिनीवर चालावं, हलकी वजनं उचलावी. पाण्यात पाय बळकट करून परत जमिनीवर यायचं, हाच खरा बेत असावा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते आणि पासष्टीच्या पुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करायला सांगते. गुडघ्यांमुळे ज्यांना हे जमिनीवर शक्य नाही, त्यांना यातला मोठा वाटा पाण्यात पुरा करता येतो.

पोहता येत नाही ही अडचण अजिबात धरू नका. पाण्यात चालायला पोहणं यावं लागत नाही, डोकं बुडवावं लागत नाही, केसही भिजवावे लागत नाहीत. उलट ज्यांना पोहता येतं अशा गुडघेदुखीवाल्यांनी सावध राहावं. बेडकासारखे पाय झाडत पोहण्याने गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो. त्यांनीही आधी चालावं.

जागा मात्र नीट निवडावी. नदी ही त्यासाठी नाही. घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या, गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी, तळाचा अंदाज न येणं आणि पाण्यातली घाण, यांतलं एकही दुखऱ्या गुडघ्याला परवडणारं नाही. त्र्यंबक रस्त्यावरचा महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव नाशिककरांच्या ओळखीचा आहे. नाशिकरोडला राजमाता जिजाऊ तलाव आहे. खासगी क्लबांचे आणि सोसायट्यांचे तलावही आता गावभर झालेत. कुठेही जा, आधी उथळ बाजूची खोली विचारा. छातीच्या वर पाणी जाणार नाही अशी जागा हवी, धरायला कठडा हवा आणि जीवरक्षक हजर हवा. तळाच्या फरशीच्या रेघा वरून स्पष्ट दिसल्या पाहिजेत. डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर क्लोरीन भरपूर आहे म्हणून पाणी चांगलं, असं समजू नका. अंगाचा घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळल्यावर तो वास येतो. म्हणून उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे.

ऋतूचंही भान ठेवावं. दिवाळी झाली की नाशिकला गारठा सुरू होतो. निफाडचा पारा तर अनेकदा राज्यात सगळ्यांत खाली जातो. अशा दिवसांत उघड्या तलावाच्या गार पाण्यात स्नायू आखडतात आणि सांधे आणखी दुखतात. पोहण्याच्या तलावांचं पाणी बहुधा 26 ते 28 अंशांचं ठेवतात. संधिवातवाल्यांना 30 ते 33 अंशांचं पाणी मानवतं. माघ सरल्यावर सुरुवात करणं बरं. एप्रिल-मेमध्ये मुलांची झुंबड असते, तेव्हा सकाळची उशिराची किंवा दुपारची बॅच विचारून घ्यावी.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पुरेत. शिडीवरून पाठमोरं, दोन्ही हातांनी दांडा धरून उतरावं. पाच मिनिटं कठड्याच्या कडेने सावकाश चालावं. मग तेवढंच अंतर मागे चालावं, मग आडवं. कठडा धरून एकेक पाय पुढे, मागे, बाजूला न्यावा. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहावं. पाठ भिंतीला टेकवून, तळवे उघडे ठेवून पाण्याला पुढे ढकलावं आणि मागे ओढावं. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढं केलं आणि हळूहळू वेळ अर्ध्या तासावर नेला की पुष्कळ झालं. व्यायामानंतर दोन तासांहून जास्त वेळ दुखणं वाढलेलं राहिलं तर पुढच्या वेळी कमी करावं. बाहेर येताना घाई नको. पाण्याचा आधार आणि दाब एकदम सुटल्यावर पाय जड होतात, एखाद्याला चक्करही येते. पायरीवर थोडं थांबून मग वर यावं. तलावाच्या काठाची ओली फरशी पाण्यापेक्षा धोक्याची असते, तिथे न घसरणारी चप्पल हवी. पाण्यातही घाम येतो, फक्त कळत नाही, म्हणून आधी आणि नंतर पाणी प्यावं.

उघडी जखम, ताप, लघवीचा संसर्ग किंवा काबूत नसलेला रक्तदाब असेल तर उतरू नये. फिट येत असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच उतरावं. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनना विचारून. मधुमेह असलेल्यांनी उपाशी पोटी जाऊ नये, सोबत साखर ठेवावी आणि बाहेर आल्यावर तळपाय नीट तपासावेत. पायाला बधिरपणा असेल तर तळाच्या खरखरीत फरशीने झालेली खरचट कळतसुद्धा नाही.

बायकांची अडचण वेगळी असते आणि ती खरी असते. पोहण्याचा पोशाख म्हटला की पन्नाशीच्या पुढची बाई दोन पावलं मागे सरते. आता कोपरापर्यंत बाह्यांचे आणि पोटरीपर्यंत झाकणारे पोशाख सहज मिळतात. साडी किंवा सलवार मात्र पाण्यात पायांत गुंतते, ती नको. बायकांसाठी वेगळी बॅच असेल तर चार मैत्रिणींनी मिळून जावं. एकीला वाटणारा संकोच चौघींत विरघळतो. गुडघेदुखी बायकांत जास्त असते आणि स्वतःसाठी वेळ काढण्याची सवय सगळ्यांत कमी. म्हणून हे त्यांनाच पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

तलाव चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. आपल्या वेळापत्रकात पोहायला शिकणाऱ्यांची बॅच असते, सराव करणाऱ्यांची असते. त्यात पाण्यात चालणाऱ्यांचा एक तास घाला. उथळ बाजूला रुंद पायऱ्या आणि दोन्ही हातांना दांडा द्या. शहरातल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून एकदा बोलवा. यासाठी नवा तलाव बांधावा लागत नाही. नाशिकच्या शेकडो घरांतली माणसं त्या एका तासामुळे पुन्हा चालू लागतील.

आणि मुलासुनांनो, तुमची माया योग्य ठिकाणी लावा. पेपर वर आणून देण्याऐवजी आईला, वडिलांना तलावापर्यंत सोडायला जा. पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरा. त्यांचा हात धरा आणि जमेल तेव्हा सोडा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी सांगणं एवढंच आहे: या आठवड्यात डॉक्टरांना विचारा, तलावाच्या उथळ बाजूची खोली विचारा आणि पंधरा मिनिटं चालून पाहा. सांध्यावरचा भार कमी करा. चालणं कमी करू नका.